आखातातली खोली

आखाती देशात कामाला गेलेल्या माणसाची खोली हा त्याच्या पगाराचाच भाग असतो. बेळगावच्या उद्यमबागेतला टर्नर असो, खानापूरचा गवंडी असो की निपाणीचा ड्रायव्हर, निघण्याआधी घरात चर्चा होते ती महिन्याला किती दिरहम मिळणार याची. राहायचे कुठे, हे मात्र उतरल्यावर कळते आणि तिथेच हिशेब चुकतो. दुबईत एका खाटेपुरत्या जागेला ‘बेडस्पेस’ म्हणतात. तिचे भाडे, बसभाडे आणि जेवण स्वतः भरायचे असेल, तर दिसायला मोठा असलेला पगार कंपनीच्या खोलीसह मिळणाऱ्या लहान पगारापेक्षा कमी भरतो.

म्हणून करारातले निवासाचे कलम सहीपूर्वी वाचून घ्यावे. खोली कंपनीची की घरभाडे भत्ता, जेवण कोणाचे, कामावर नेणारी बस आहे का, हे लेखी असले पाहिजे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) अशी नोंद असते. आखातात नोकरीला जाताना त्यांना ई-मायग्रेट या संकेतस्थळावरून सरकारी परवानगी घ्यावी लागते आणि करारही तपासला जातो. ही अडचण नसून संरक्षण आहे. व्हिजिट व्हिसावर जाणाऱ्याजवळ असा करारच नसतो. त्यामुळे खोलीवर हक्क सांगायला त्याच्या हातात काही उरत नाही.

संयुक्त अरब अमिरातीत 50 किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीने 1500 दिरहमपेक्षा कमी पगाराच्या कामगारांना निवास द्यावा, असा नियम आहे. सामूहिक निवासात दरडोई किमान 3 चौरस मीटर जागा लागते. कतारचा नियम अधिक उदार आहे: दरडोई 6 चौरस मीटर, खोलीत जास्तीत जास्त चौघे आणि एकावर एक खाटा नाहीत. दुबईतले सोनापूर, अल कूज, अबू धाबीचे मुसाफ्फा ही अशा सामूहिक निवासांची, म्हणजे कामगार कॅम्पांची, मोठी ठिकाणे. खाटेवर पडदा आणि कुलपाचे कपाट, एवढाच माणसाचा खासगी कोपरा.

पहिल्या दिवशी गादी उलटून ढेकूण पाहावेत, एसी आणि दिवा चालतो का बघावे, बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे ते ध्यानात ठेवावे. मोडके काही दिसल्यास त्याचा फोटो काढून कॅम्प बॉसला, म्हणजे कॅम्पच्या व्यवस्थापकाला, त्याच दिवशी पाठवावा. नंतर तीच मोडतोड राहणाऱ्याच्या नावावर पडू शकते. प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो. खोलीत शेगडी लावणे सर्वांत घातक: दाट वस्तीत एका ठिणगीने पूर्ण मजला पेटू शकतो. स्वयंपाक सामायिक स्वयंपाकघरातच व्हावा. चार-सहा जणांनी पाळीने रांधले तर खर्च वाचतो, आणि दिवसभर उन्हात राबून आलेल्याला गरम भाकरी मिळते.

सामान बांधताना बेळगावचा कुंदा आणि शेंगदाण्याची चटणी खुशाल न्यावी. खसखस मात्र कुठल्याही मसाल्यात किंवा लाडवात नसावी. अमिरातीत ती अमली पदार्थांत मोडते आणि चिमूटभर खसखशीपायीही अटक होऊ शकते. पान आणि गुटख्यालाही बंदी आहे. निपाणीसारख्या तंबाखूच्या पट्ट्यातून जाणाऱ्याने पिशवीचे कप्पे आधी झाडून घ्यावेत. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसहच न्यावीत. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधे आधी परवानगी न काढता नेल्यास गुन्हा ठरू शकतो.

खोलीतले सोबती केरळचे, तेलंगणाचे, नेपाळचे किंवा पाकिस्तानचेही असतात. घरी मराठी आणि बाजारात कानडी बोलत वाढलेल्या सीमाभागातल्या माणसाला भाषेची ही सरमिसळ लवकर अंगवळणी पडते. भांडणे होतात ती बहुधा एसीचे तापमान, फोनचा आवाज आणि बाथरूमची पाळी यांवरून. रात्रपाळीचा सोबती दिवसा झोपतो, हे लक्षात ठेवले तर यातली बरीच टळतात.

पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क कामगाराचा आहे. पासपोर्टची आणि कराराची प्रत घरी असावी. कॅम्पचे नाव, खोली क्रमांक आणि एका सोबत्याचा फोन नंबरही घरच्यांकडे हवा. तक्रार असल्यास दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रात मार्गदर्शन मिळते. खोली सोडताना कपाटाची किल्ली आणि गादी परत दिल्याची सही घ्यावी आणि अनामत दिली असेल तर ती शेवटच्या पगारासोबतच मागून घ्यावी.