अखेरच्या दिवसांतील शुश्रूषा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या या मंगल प्रसंगी आम्ही मरणाचा विषय काढावा, हे कित्येकांस रुचणार नाही. 'गुरुजी, दुसरे काही बोला,' असे कार्यवाहांनीही आम्हांस सुचविले होते. परंतु हा विषय आमच्या मनास दहा वर्षांहून अधिक काळ टोचतो आहे. तो आपल्याच माणसांपुढे मांडावयाचा नाही, तर कोठे मांडावयाचा?

आमचे थोरले बंधू अण्णा 2014 साली स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले. शेवटच्या पंधरवड्यात त्यांनी अन्न सोडले. 'नको रे, पुरे कर,' एवढेच ते म्हणत. आम्ही मात्र उशाशी बसून चमच्याचमच्याने पेज भरवीत राहिलो. कारण न खाणे म्हणजे हाय खाणे, अशी आमची समजूत. एके रात्री पेज श्वासनलिकेत गेली, ठसका थांबेना, आणि आम्ही त्यांना शहरातील एका रुग्णालयात हलविले. तेथे अतिदक्षता विभागात त्यांनी नळ्या उपटू नयेत म्हणून त्यांचे दोन्ही हात खाटेस बांधण्यात आले. पाच दिवस वहिनी काचेबाहेर उभ्या होत्या. सहाव्या दिवशी अण्णा गेले, तेव्हा त्यांच्याजवळ घरचे एकही माणूस नव्हते. अण्णांस मरणाने नेले, त्यास उपाय नव्हता. पण त्या पाच दिवसांस उपाय होता, आणि तो आम्हांस ठाऊक नव्हता.

वस्तुतः असाध्य दुखण्याच्या शेवटी देहाचे व्यापार आपल्या क्रमाने मंदावत जातात. भूक प्रथम जाते, मागाहून तहान. त्या देहास अन्न पचविण्याचे सामर्थ्य उरलेले नसते, म्हणून तो ते नाकारतो. रोगी उपासाने मरत नसतो. तो मरणाच्या वाटेवर असतो म्हणून जेवत नसतो. पुढे झोप वाढते, हातपाय गार पडतात, कातडीवर निळसर चट्टे उमटतात. श्वास भराभर चालतो, मध्येच थांबतो, पुन्हा चालू होतो. घशात साचलेला स्राव गिळण्याचे त्राण नसल्यामुळे घरघर लागते. ती ऐकणाऱ्याच्या काळजाचे पाणी होते. परंतु त्या अवस्थेत रोग्यास तिचा फारसा त्रास नसतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्यास कुशीवर वळवावे, एवढ्यानेही ती पुष्कळदा कमी होते. ओठ व तोंड ओल्या कापसाने भिजवीत राहावे. तुळशीपत्र व गंगाजल अवश्य द्यावे, पण ते ओठांस लावण्यापुरते. वाटीभर ओतू नये. आणि ऐकण्याची शक्ती बरीच शेवटपर्यंत टिकते असे मानतात. म्हणून उशाशी दागिन्यांची वाटणी काढू नये. (असे प्रसंग आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत.) घरघर, ऊर्ध्व हे शब्द आपल्या आजीपणजींचेच होत. त्यांस हा क्रम ठाऊक होता. मरण घरातून रुग्णालयात गेले आणि आपण ते ज्ञान गमावून बसलो.

हेच ज्ञान शास्त्रशुद्ध रीतीने परत आणण्याचे श्रेय डॉ. सिसिली साँडर्स या विदुषीकडे जाते. प्रथम परिचारिका, नंतर रुग्णांची समाजसेविका आणि मग डॉक्टर अशा तीन पायऱ्या चढून त्यांनी 1967 साली लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. वेदना केवळ शरीराची नसते; मनाची, संसाराच्या विवंचनेची आणि आत्म्याचीही असते, हे त्यांचे प्रतिपादन. आपल्याकडील पहिले हॉस्पिस 1986 साली मुंबईत वांद्रे येथे 'शांति आवेदना सदन' या नावाने निघाले. कोझिकोडच्या डॉक्टरांनी 1993 साली अशा शुश्रूषेची संस्था काढली, आणि पुढे केरळात शेजारीपाजारीच थोडे शिक्षण घेऊन रोग्यांच्या घरी जाऊ लागले. 2008 साली त्या राज्याने यासाठी स्वतंत्र धोरणच ठरविले.

मॉर्फिनविषयी आपल्यात मोठा गैरसमज आहे. 'ते अफूचे औषध, दिले की माणूस संपला,' असे आम्हीही म्हणत असू. जाणत्या डॉक्टरने बेताने वाढवीत नेलेल्या मात्रेने मरण ओढवत नाही, वेदना शमते. बद्धकोष्ठ मात्र होतो, त्याचे औषध बरोबर घ्यावे लागते. पूर्वी हे औषध ठेवण्यास रुग्णालयांस अनेक परवाने लागत. 2014 च्या कायदेदुरुस्तीने ती अडचण पुष्कळ कमी केली आहे.

आमच्या वहिनी 2021 साली गेल्या. दुखणे बरे होण्यासारखे नाही असे कळताच त्यांनी आम्हांस जवळ बोलाविले व म्हणाल्या, 'भाऊजी, माझे हात बांधू देऊ नका.' आम्ही शब्द दिला. उपशामक शुश्रूषा करणारी एक परिचारिका आठवड्यातून दोनदा घरी येई. तिने सुनांस अंग पुसावयास, कूस बदलावयास, औषध मोजावयास शिकविले. शेवटचे दोन दिवस वहिनींनी पाण्याचा घोटही घेतला नाही. आमचा हात भांड्याकडे जाई, आणि आम्ही तो आवरीत असू. ते सोपे नव्हते. पहाटे धाकटी नात त्यांचा हात धरून बसली असताना त्या गेल्या.

अशी इच्छा आता लिहूनही ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली त्यास मान्यता दिली, आणि 2023 पासून दोन साक्षीदार व नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ती करता येते.

आता मंडळाकडे एक मागणे. आपला वैद्यकीय साहाय्य निधी रुग्णालयाचे बिल दाखविल्यावरच मिळतो. घरी येणाऱ्या परिचारिकेचे बिल त्यात बसत नाही. हा नियम बदलावा. दुसरे, लग्नकार्यासाठी आपण मंडळाची भांडी देतो, त्याच वहीत वरखाली होणारी एक खाट व हवेची गादी यांची नोंद का असू नये? वहिनींची खाट आमच्या पडवीत तशीच पडून आहे. कार्यवाहांनी टेम्पो पाठवावा. चढवावयास आम्ही व आमचे दोन पुतणे आहोत.