वर्दी येण्यापूर्वीचे काम

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बऱ्हाणपूर येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



विद्वान वक्त्यांच्या पंक्तीला आपण मला बसविलेत, ही आपली मेहेरबानी. भाषणे करणे हा माझा व्यवसाय नव्हे. माझी उमेदीची वर्षे बंबखान्यावर गेली, आणि त्यातली बरीचशी पाळीप्रमुख म्हणून. चिटणीस मला म्हणाले, "आपल्या मुलांपैकी कोणाला या नोकरीत जावेसे वाटले, तर पाळीप्रमुखाला काय करावे लागते आणि त्याच्या अंगी काय असावे लागते, एवढे सांगा." तेवढेच सांगणार आहे.

घंटा वाजली, गाडीत उडी मारली, ज्वाळेत शिरले, म्हणजे आमचे काम झाले, अशी लोकांची समजूत असते. खरी गोष्ट निराळी आहे. पाळीप्रमुखाचे निम्मे काम वर्दी येण्यापूर्वीच उरकलेले असावे लागते. ते उरकलेले नसेल, तर पुढे केलेल्या शौर्याने त्याची भरपाई होत नाही. हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकविले नाही. एका रात्रीने शिकविले.

त्या वेळी मी नवाच पाळीप्रमुख झालो होतो. गावाचे नाव घेत नाही. रात्री आठ वाजता मी पाळी हाती घेतली. जाणाऱ्या गृहस्थांना लग्नाला जायची घाई होती. "सगळे ठीक आहे," ते म्हणाले, आणि मी नोंदवहीत सही ठोकली. रात्री दीडच्या सुमारास एका बोळातल्या यंत्रमागाच्या शेडला आग लागल्याची वर्दी आली. आम्ही पाच-सहा मिनिटांत पोहोचलो, दोन नोझल चालू केली, आणि अडीच मिनिटांत पाणी संपले! दुपारी कडब्याच्या गंजीवर निम्मी टाकी खर्च झाली होती आणि ती पुन्हा भरली गेली नव्हती. साडेचार हजार लिटरच्या टाकीत सव्वादोन हजार लिटर उरलेले. एक नोझल मिनिटाला साडेचारशे लिटर ओढते. हिशेब शाळकरी मुलालाही येईल, पण तो मी आठ वाजता करायचा होता. दुसरी गाडी येईपर्यंत चार माग आणि बीमावरचे सारे सूत गेले. माणूस कोणी दगावला नाही, हे दैव. शेडचा मालक रागावलासुद्धा नाही. त्याने एवढेच विचारले, "साहेब, बंब अर्धाच आणला होता का?"

अहवालात मी लिहिले, "टाकी न तपासता पाळी ताब्यात घेतली, दोष माझा." त्याबद्दल ठपका बसला, तो योग्यच होता. परंतु त्या माणसाचा प्रश्न अजून माझ्या कानांत आहे, आणि आज मी जे सांगणार आहे ते सारे त्यातूनच निघालेले आहे.

तर पाळीप्रमुखाचे पहिले कर्तव्य म्हणजे पाळी ताब्यात घेणे. टाकी झाकण उघडून पाहावी. डिझेल आणि बॅटरी पाहावी. पंप चालवून तो पाणी ओढतो की नाही याची खात्री करावी. होज मोजावेत, त्यांची जोडणी व वॉशर तपासावे. श्वसनसंचाच्या प्रत्येक सिलिंडरचा दाब वाचावा. हजर माणसे मोजावीत. कोणाला ताप आहे, कोणाच्या घरी काळजी आहे, हेही कळून घ्यावे. मग सही करावी. जे ठीक नाही ते "ठीक नाही" असेच लिहावे, मग पुढच्याला कितीही घाई असो. या नोकरीत धैर्याची पहिली परीक्षा आगीपाशी होत नाही, नोंदवहीपाशी होते.

दुसरे कर्तव्य गाव ओळखण्याचे. आपल्या बऱ्हाणपुरात परकोटाच्या आतले बोळ अरुंद आहेत, आणि घरोघर माग, सूत व कापड आहे. कोणत्या बोळात मोठी गाडी वळत नाही, कोठून होज ओढावा लागेल, जवळचे पाणी कोठे आहे, हे पाळीप्रमुखाने दिवसाउजेडी पायी फिरून पाहिलेले असावे. कापसाची गोष्ट तर आणखी वेगळी. गाठीला लागलेली आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. पाणी गाठीच्या पोटात शिरत नाही. म्हणून गाठी बाहेर काढून, उकलून, भिजवाव्या लागतात, आणि नंतरही पहारा ठेवावा लागतो. "विझली" असे घाईने सांगणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथेच जावे लागते.

कापसावरून मुंबईची आठवण होते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्येही होती. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. जहाज जागीच बुडवावे की गोदीबाहेर न्यावे, याचा निर्णय वेळेत झाला नाही. चारनंतर स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावरच गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. हुकूम देणारा कोण, हे आग लागण्यापूर्वी ठरलेले असावे, हा धडा मी त्यातून घेतला.

म्हणून तिसरे कर्तव्य घटनास्थळी हुकूम देण्याचे. गाडीतून उतरताच पाळीप्रमुखाने नोझल हाती घेऊ नये. आधी जागेभोवती नजर फिरवावी. आत कोणी आहे का? काय साठविले आहे? वीज तोडली का? वारा कोणत्या बाजूचा? आधी माणसे, मग शेजार, मग माल, हा क्रम सोडू नये. श्वसनसंच लावून आत जाणाऱ्याचे नाव, वेळ आणि सिलिंडरचा दाब बाहेर पाटीवर लिहावा. सिलिंडर नावाला पाऊण तासाचे असले, तरी कष्टाच्या कामात हवा फार लवकर संपते. आतला माणूस वेळ विसरतो. बाहेरच्याने विसरायची नसते.

आणि मागे फिरण्याचा हुकूमही त्यालाच द्यावा लागतो. ९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवीत गोकुळ निवास ही जुनी इमारत जळता जळता कोसळली. रहिवासी बाहेर काढले गेले होते, पण दलाचे चार अधिकारी आपण गमावले. मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर त्यांपैकीच होते. जळालेली तुळई आणि पाणी पिऊन जड झालेली भिंत केव्हा दगा देईल, याचे उत्तर कोणाजवळच पूर्ण नसते, मग तो कितीही अनुभवी असो. पाळीप्रमुखाच्या खांद्यावर हे ओझे असते.

आता पात्रतेविषयी. यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूर येथे निघाले आणि १९५७ मध्ये नागपूरला आले. तेथे सब-ऑफिसरचा, तसाच स्टेशन ऑफिसरचाही अभ्यासक्रम आहे, आणि अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही घेता येते. बहुतेक ठिकाणी मुलगा आधी फायरमन होतो, मग लीडिंग फायरमन, आणि अनुभव व परीक्षा यांच्या बळावर पाळी सांभाळू लागतो. निरोगी शरीर, चांगली दृष्टी, उंचीचे भय नसणे आणि हिशेबात पक्के असणे, एवढे तर हवेच. मुलींनीही मागे राहू नये. नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ साली या महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथील त्या पहिल्या विद्यार्थिनी.

परंतु प्रमाणपत्रात न लिहिलेल्या दोन पात्रता मी सांगतो. पहिली, आवाज न चढविता हुकूम देता येणे. प्रमुख ओरडू लागला की माणसे धावतात, पण काम करीत नाहीत. दुसरी, स्वतःची चूक स्वतःच्या हाताने लिहिता येणे. ही दुसरी ज्याच्यापाशी नाही, त्याने कृपा करून दुसरी नोकरी पाहावी.

आपल्या गावाला ही दूरदृष्टी नवीन नाही. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून गावात आणले गेले. त्या कुंडी भंडाऱ्याच्या शंभराहून अधिक कुंड्या आपण लहानपणापासून ऐकत-पाहत आलो. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपल्या पूर्वजांनी जमिनीत कोरून ठेवली आहे. आगीलाही तोच न्याय.

शेवटी न्यासापाशी दोन मागण्या. आपण दरवर्षी विद्यार्थ्यांना साहाय्य देता. त्यांपैकी एक रक्कम अग्निशमनाच्या अभ्यासक्रमासाठी राखून ठेवावी. दुसरी मागणी आजच पुरी करता येईल. मघाशी आत येताना मी पाहिले, आपल्या सभागृहाचा मागचा दरवाजा मांडवाच्या कनाती आणि गाद्या रचून बंद झालेला आहे. समोरच्या एका दाराने ही सारी लेकरेबाळे बाहेर पडू शकणार नाहीत. भोजनाचे पान वाढण्यापूर्वी आपण चार तरुण मंडळी उठू या आणि ते दार मोकळे करू या. पहिली गादी मी उचलतो.