वजा आणि बाकी



गणिताच्या इतिहासावरील एका इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद करीत असताना मी 'मिन्युएंड' आणि 'सबट्राहेंड' या दोन शब्दांपाशी अडखळले. जिच्यातून वजा करावयाचे ती संख्या पहिली आणि जी वजा करावयाची ती दुसरी. दोन्ही शब्द मूळचे लॅटिन. पहिल्याचा अर्थ 'कमी करावयाचे', दुसऱ्याचा 'खालून ओढून काढावयाचे'.

संस्कृतात यांना 'वियोज्य' आणि 'वियोजक' हे तयार प्रतिशब्द आहेत. मी निःशंकपणे तेच योजिले. पुढे हा मजकूर शाळकरी भाचीला वाचून दाखविला, तेव्हा तिने विचारले, "मावशी, हा वियोग कुणाचा?" मराठीत वियोग माणसांचा होतो, संख्यांचा नव्हे, हे मी विसरले होते.

मग मी आपल्याच शब्दाकडे वळले. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त बेरीज-वजाबाकीला 'संकलित' आणि 'व्यवकलित' म्हटले आहे. परंतु आपल्या तोंडी रुळला तो 'वजाबाकी' हाच शब्द. त्याचे दोन्ही घटक मूळचे अरबी असून फारसीच्या वाटेने, दप्तराच्या व्यवहारातून, मराठीत आले. 'वजा' म्हणजे रकमेतून कापून घेणे; 'बाकी' म्हणजे उरलेले. एका शब्दात कृती आणि तिचे फळ दोन्ही आली.

तरीही 'बाकी' हा शब्द दिसतो तितका सरळ नाही. तीस रुपये घेऊन बाजारात गेलेल्या गृहिणीने अठरा खर्च केले, तर बाकी बारा तिच्या हातात राहतात. तीस रुपये शेतसारा असलेल्या शेतकऱ्याने अठरा भरले, तर बाकी बारा त्याच्या डोक्यावर राहतात. गणित एकच, पण एकीकडे बाकी म्हणजे शिल्लक, दुसरीकडे थकबाकी. उत्तर कुणाच्या वहीत लिहिले जाते, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली धन आणि ऋण संख्यांचे नियम सांगितले, तेव्हा त्यांनाही संपत्ती आणि कर्ज यांचेच शब्द जवळचे वाटले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

वजाबाकीचा आपला संस्कार याहूनही जुना आहे. 'एकोणीस' म्हणजे 'एकोनविंशति', एकाने उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस असे करीत थेट एकोणनव्वदपर्यंत आपण हीच रीत पाळतो. नव्व्याण्णवाशी मात्र ती सोडतो. अंक शिकणारे मूल वजाबाकी शिकण्यापूर्वीच ती उच्चारीत असते.

अखेर मी 'वियोज्य' खोडले आणि 'ज्यातून वजा करावयाचे ती संख्या' असे लिहिले. वाक्य लांबले, काटेकोर परिभाषेचा आग्रह धरणाऱ्यांना ते रुचणार नाही, हेही मला ठाऊक आहे. शास्त्रीय ग्रंथात तो आग्रह योग्यच ठरेल. परंतु ग्रंथालयात पुस्तक उघडणारा सामान्य वाचक पहिल्याच पानावर परका होऊ नये, एवढी दक्षता अनुवादकाने घेतली पाहिजे. शब्द निवडताना त्या वाचकाला वजा केले, तर बाकी काय राहील, हा प्रश्न मी आता प्रत्येक पानावर स्वतःला विचारते.