जुनी मार्कशीट आणि पीजीची जागा

इथे बेंगळुरूत एमबीबीएस करणाऱ्या मुलांचे आईवडील भेटले, की प्रश्न ठरलेला. माणसं बेळगाव-निपाणीची असोत की पुण्याची. "डॉक्टर, पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमीत अडकला होता हो. पीजीला ते आडवं येईल का?" परवा एका वडिलांनी फोल्डर उघडला. पासच्या मार्कशीटा वर, प्लास्टिकमध्ये. नापासाची सगळ्यात खाली, चार घड्या घालून. अहो, पोरानं चोरी केली आहे का?

पीजीची प्रवेशपरीक्षा म्हणजे नीट-पीजी. तीत २०० प्रश्न, ८०० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. त्या गुणांवर रँक आणि रँकवर जागा. पूर्वी एमबीबीएसच्या गुणांवर पीजी मिळायचं, ती धास्ती अजून घराघरांत आहे. मॅजेस्टिक बसस्थानकावर रात्रीच्या बेळगाव गाडीत चढताना कंडक्टर तिकीट आणि सीट नंबर बघतो. मागच्या खेपेला तुमची गाडी तुमकूरला बंद पडली होती का, हे तो विचारत नाही. ओळखपत्र तेवढं लागतं. मल्लेश्वरमच्या कर्नाटक परीक्षा प्राधिकरणात (केईए) प्रवेशाची कागदपत्रं तपासतात, तिथे मार्कशीटचं काम ओळखपत्राचंच. पास आहात, नाव जुळतंय, चला पुढे.

मात्र गाडी सुटताना फलाटावर हजर असावं लागतं! मेख आहे ती इथे. अडकलेला विषय पुरवणी परीक्षेत सुटला, तर मुलगा आपल्या बॅचबरोबर राहतो. नाही सुटला, तर खालच्या बॅचमध्ये जातो आणि इंटर्नशिपही तेवढीच पुढे जाते. २०२५ची नीट-पीजी ३ ऑगस्टला झाली. इंटर्नशिप पुरी करायची मुदत होती ३१ जुलै. मुदत हुकली, की ती गाडी गेली. पुन्हा सांगतो, कारण नेमकं हेच कानाआड होतं: गुण आडवे येत नाहीत, तारीख येते.

आता काही गाड्यांत चढू देण्याआधीच जुनं तिकीट बघतात, तेही सांगायला हवं. एम्सच्या जागांसाठी आयएनआय-सेट द्यायची, तर एमबीबीएसला एकूण किमान ५५ टक्के लागतात; अनुसूचित जाती-जमातींना ५०. पण तो उंबरठा आहे. तो ओलांडला, की ५६वाला आणि ८०वाला एकाच रांगेत.

अमेरिकेचं तंत्र निराळं. तिथे सगळी जुनी तिकिटं मागतात. तिथल्या परवाना परीक्षेच्या स्टेप १चे गुण जानेवारी २०२२ पासून बंद झाले, आता नुसतं पास-नापास. पण नापासाचा अटेम्प्ट नोंदीत राहतोच. शिवाय कॉलेजच्या डीनचं पत्र, शिक्षकांची शिफारस हेही लागतं.

तेव्हा आईबाबा, एवढं करा. आज मुलाला फोन लावाल, तेव्हा अ‍ॅनाटॉमीचा विषय काढू नका. ती घडी घातलेली मार्कशीटही सरळ करून बाकीच्यांबरोबर ठेवा. तपासणीला तीही लागू शकते. विचारायचं ते एकच: "इंटर्नशिप कोणत्या तारखेला संपते रे?" आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.