सीमेच्या अल्याड-पल्याड एकच नाव: स्वागताध्यक्षीय भाषण

पेटंट संशोधकाचे असते, व्यापारचिन्ह व्यापाऱ्याचे आणि ग्रंथाचे हक्क लेखकाचे. भौगोलिक मानांकन मात्र एखाद्या मुलखातल्या सगळ्या उत्पादकांचे मिळून असते. तिथली माती, पाणी, हवा आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेले कसब यांमुळे मालाला जो गुण येतो, त्याची ओळख पटवणारे नाव तिथल्याच लोकांनी वापरावे, एवढाच हा हक्क आहे. पण मातीचा गुण आणि हाताचे कसब जिथे संपते, तिथेच राज्याची किंवा देशाची हद्द संपते असे नाही. कायदा हद्दीपाशी थांबतो. भारतात नोंदवलेल्या नावाला परदेशात आपोआप संरक्षण मिळत नाही, आणि अशा नावाला चांगला भाव देणारा बाजार बहुधा तिसऱ्याच देशात असतो. दक्षिण आशियात हा प्रश्न विशेष अवघड आहे. इथल्या अनेक हद्दी १९४७ मध्ये आखल्या गेल्या. नावे त्याच्या कितीतरी आधीची आहेत.

जागतिक व्यापार संघटना १९९५ मध्ये अस्तित्वात आली आणि तिच्याबरोबर बौद्धिक संपदेविषयीचा ट्रिप्स करार आला. या करारात भौगोलिक मानांकनाची व्याख्या आहे, आणि एक महत्त्वाची अटही आहे: जे नाव त्याच्या मूळ देशातच संरक्षित नाही, त्याला संरक्षण देण्याचे बंधन इतर देशांवर नाही. म्हणजे आधी घरचा कायदा हवा. भारताने तो १९९९ मध्ये केला, सप्टेंबर २००३ मध्ये लागू केला आणि नोंदणी कार्यालय चेन्नईत उघडले. बांगलादेशाचा कायदा २०१३ चा आहे, पाकिस्तानचा २०२० चा. नेपाळचा पेटंट, डिझाइन व व्यापारचिन्हांचा कायदा १९६५ चा, म्हणजे मानांकन ही कल्पना रुळण्याच्या फार आधीचा. शेजारी देशांनी आपापल्या सवडीने, एकमेकांशी न बोलता कायदे केले. मधल्या वर्षांत एकाने नोंदवलेली काही नावे दुसऱ्यालाही आपली वाटत होती, आणि आजचे बरेचसे वाद त्या वर्षांतले आहेत. साफ्टा हा सार्क देशांचा मुक्त व्यापार करार २००६ मध्ये लागू झाला. त्याचा भर जकात कमी करण्यावर राहिला. सामाईक नावांची सामाईक नोंदणी करणारी कोणतीही यंत्रणा या प्रदेशात उभी राहिली नाही.

या परिषदेच्या प्रतिनिधींचे स्वागत करणाऱ्या कोल्हापूर नगरीला या विषयात सांगण्यासारखे काही आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची, खिळा न ठोकता कातड्याच्याच वादीने शिवलेली कोल्हापुरी चप्पल २०१९ मध्ये मानांकित झाली. तिचे क्षेत्र आठ जिल्ह्यांचे आहे: महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. मालकी दोन सरकारी महामंडळांकडे मिळून आहे, महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचे लिडकर. ज्या दोन राज्यांमधला सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यांनीच हे केले. नोंदणीच्या यादीतला बेळगाव हा त्या वादाच्या केंद्रस्थानी असलेला जिल्हा. सीमाप्रश्न मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे आणि त्यावरची कोणाचीही भूमिका या नोंदणीमुळे बदललेली नाही. तरीही चपलेपुरता प्रश्न सुटला, कारण तो नकाशावरून न सोडवता कारागीर कुठे बसून काम करतो यावरून सोडवला गेला.

हे झाले नसते तर काय झाले असते, याचा विचार केला म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. कर्नाटकातल्या अथणी आणि निपाणीच्या परिसरातले कारागीर चपला तयार करतात आणि त्या कोल्हापूरच्या पेठेत येऊन विकल्या जातात, हा व्यवहार जुना आहे. नोंदणी एकट्या महाराष्ट्राची असती, तर तोच अथणीचा कारागीर कायद्याच्या नजरेत एका रात्रीत नक्कल करणारा ठरला असता. एकट्या कर्नाटकाची असती, तर कोल्हापूरच्याच कारागिराला कोल्हापुरी हे नाव लावता आले नसते.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचा उल्लेख न करता मंचावर आणल्या. महाराष्ट्रात संताप उसळला आणि पुढे कंपनीने या चपलांमागे भारतीय कारागिरीची प्रेरणा असल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत मालक नाहीत, या कारणावरून जुलैमध्ये ती फेटाळली गेली. डिसेंबरमध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी सामंजस्य करार केला. या घटनाक्रमात दोन गोष्टी उघड होतात. मिलानमध्ये भारतीय नोंदणीचा कायदेशीर अंमल नव्हता. तिथे दबाव आला तो जनमताचा. आणि बोलणी करायची वेळ आली तेव्हा मालक म्हणून दोन राज्ये एकत्र बसू शकली, एकाला बाजूला सारून दुसऱ्याशी सौदा करण्याची वाट कंपनीला मोकळी नव्हती. वारली चित्रकलेच्या मानांकनातही महाराष्ट्राबरोबर गुजरात आणि दादरा-नगर हवेली, दमण-दीव यांचा समावेश आहे. देशाच्या आत सामाईक नोंदणीची वाट अशी मळलेली आहे. देशांच्या मध्ये ती नाही, आणि त्याची किंमत कोणत्याही दुसऱ्या मालापेक्षा बासमतीने जास्त मोजली आहे.

बासमती हिमालयाच्या पायथ्याच्या मैदानात, सीमेच्या दोन्ही बाजूंना पिकतो. आजच्या अनेक वाणांचे मूळ असलेला ‘बासमती ३७०’ हा वाण १९३३ मध्ये अखंड पंजाबातल्या काला शाह काकू येथील भात संशोधन केंद्रातून आला. ते ठिकाण आज पाकिस्तानात आहे. १९९७ मध्ये टेक्सासच्या राइसटेक कंपनीला बासमतीच्या वाणांवर आणि दाण्यांवर अमेरिकेचे पेटंट मिळाले, तेव्हा दोन्ही देशांत सारखाच धक्का बसला. भारताने २००० मध्ये फेरतपासणी मागितली आणि पेटंटमधले बहुतेक दावे गळाले. पण पेटंट मोडून काढणे वेगळे आणि नाव राखणे वेगळे. नाव राखण्यासाठी संयुक्त अर्जाची चर्चा दोन्ही देशांत झाली होती. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर ती थांबली, आणि ती का थांबली हे महाराष्ट्राला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर दोघांनी वेगवेगळे रस्ते धरले. अपेडा या केंद्रीय निर्यात संस्थेने अर्ज केला होता. भारतात बासमतीला २०१६ मध्ये मानांकन मिळाले. त्यात पंजाब, हरियाणा, हिमाचल, दिल्ली, उत्तराखंड, पश्चिम उत्तर प्रदेश आणि जम्मूचा काही भाग आला. मध्य प्रदेशाने आपले १३ जिल्हे त्यात यावेत म्हणून लढा दिला, म्हणजे क्षेत्राचा वाद देशाच्या आतही चुकला नाही. भारताने २०१८ मध्ये युरोपीय संघाकडे अर्ज केला, तो सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि डिसेंबरात पाकिस्तानने हरकत घेतली. त्याच वर्षी घाईने कायदा करून पाकिस्तानने जानेवारी २०२१ मध्ये स्वतःचा बासमती नोंदवला. ऑस्ट्रेलियाने भारताचा अर्ज नाकारला, २०२४ मध्ये न्यूझीलंडनेही नाकारला, आणि दोन्हीकडचा मुद्दा एकच होता: बासमती भारताबाहेरही पिकतो. हा मुद्दा खरा आहे. तो खरा आहे म्हणूनच एकट्याच्या अर्जाला तिसऱ्या देशात पाय रोवता येत नाहीत, आणि तोवर अमेरिकेत किंवा इतरत्र पिकलेल्या सुवासिक तांदळावर बासमती हे नाव छापणाऱ्याला मोकळे रान मिळते. नुकसान कर्नालच्या शेतकऱ्याचे होते तसेच शेखुपुऱ्याच्या शेतकऱ्याचेही.

या सगळ्यात युरोपाचा एक जुना, कोरडा वाटणारा नियम लक्ष देण्यासारखा आहे. ठरावीक वाणांच्या, साळीचे टरफल काढलेल्या पण पॉलिश न केलेल्या बासमतीवर युरोपीय संघ आयातशुल्क शून्य ठेवतो. २००६ च्या त्या नियमाच्या एकाच यादीत तरावडी आणि पुसा बासमतीशेजारी पाकिस्तानचे कर्नेल आणि सुपर बासमती आहेत. वाण कोणता हे डीएनए चाचणीने तपासता येते. म्हणजे सीमाशुल्काच्या खिडकीवर दोन देशांचा बासमती केव्हाच एका कुळाचा मानला गेला आहे. बौद्धिक संपदेच्या खिडकीवर मात्र दोघे अजून एकमेकांविरुद्ध उभे आहेत. एका खिडकीवर जमले ते दुसऱ्या खिडकीवर जमू नये, असे तांत्रिक कारण कोणतेही नाही. कारण राजकीय आहे, आणि आजच्या संबंधांत संयुक्त अर्जाची अपेक्षा धरणे वास्तवाला सोडून होईल.

बंगालची गोष्ट याहून मऊ आहे, पण तिथेही जखम झाली. जामदानी या विणीचे मूळ ढाक्याच्या परिसरातले. भारतात आंध्र प्रदेशातील उप्पाडा जामदानी २००९ मध्ये नोंदवली गेली. बांगलादेशाचा कायदाच नंतरचा, त्यामुळे ढाक्याच्या जामदानीला घरची नोंद २०१६ मध्ये मिळाली. टांगाइल साडीचे विणकर फाळणीनंतर आणि पुन्हा १९७१ च्या सुमारास पश्चिम बंगालात आले, नदिया जिल्ह्यातील फुलिया आणि पूर्व वर्धमानच्या गावांत माग मांडून बसले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या साडीला भारतात मानांकन मिळाले आणि बांगलादेशात क्षोभ उसळला, कारण टांगाइल हा जिल्हा तिथे आहे. पुढच्याच महिन्यात बांगलादेशानेही नोंदणी केली. फुलियाचा विणकर खोटा नाही आणि टांगाइलचाही नाही. कसब माणसाबरोबर स्थलांतर करते, ठिकाण जागच्या जागी राहते, आणि मानांकनाचा कायदा या दोन्हींना एकत्र बांधू पाहतो.

दार्जिलिंगच्या चहाची अडचण उलटी आहे. तिथे नावावरच्या हक्काबद्दल शंका नाही. ८७ मळ्यांचा हा चहा भारतातले पहिले भौगोलिक मानांकन. पण मेची नदीपलीकडे नेपाळच्या इलाममध्ये तशाच उतारांवर चहा होतो, व्यापार करारामुळे तो जकातीशिवाय भारतात येतो आणि त्यातला काही दार्जिलिंग म्हणून विकला जातो. भारतीय चहा मंडळाने दार्जिलिंग चहात आयात चहा मिसळण्यास मनाई केली. मनाई योग्यच आहे, परंतु इलामच्या चहाला स्वतःचे नाव आणि त्या नावाचा भाव मिळाला तर परक्या नावाने विकण्याचा मोह मुळातच कमी होईल. नेपाळने आपल्या चहासाठी सामूहिक व्यापारचिन्ह काढले, ते याच दिशेने. शेजाऱ्याच्या नावाची प्रतिष्ठा वाढणे दार्जिलिंगच्याच हिताचे आहे.

इतर प्रदेशांनी हे प्रश्न कसे हाताळले, याचे दाखले थोडे पण बोलके आहेत. आयरिश व्हिस्की हे मानांकन आयर्लंडचे प्रजासत्ताक आणि ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड, दोन्हींना मिळून लागू आहे. ज्या सीमेवर दशकानुदशके रक्त सांडले तिच्या दोन्ही बाजूंना हे नाव एक राहिले आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही टिकले. आफ्रिकेतल्या १७ देशांच्या ओएपीआय या संघटनेत एकदा केलेली नोंदणी सर्व सदस्य देशांत चालते. कॅमेरूनची पेंजा मिरी हे तिच्या पहिल्या मानांकनांपैकी एक. भौगोलिक नावांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या लिस्बन कराराचा जिनिव्हा अधिनियम २०१५ मध्ये संमत होऊन २०२० मध्ये अंमलात आला आणि सीमेपलीकडे पसरलेल्या क्षेत्रासाठी देशांनी संयुक्त अर्ज करण्याची सोय त्यात स्पष्ट शब्दांत आहे. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश त्याचे सदस्य नाहीत. जिथे एकत्र येणे अशक्य आहे तिथे समनामी मानांकनांची तरतूद उरते: नाव दोघांचे, पण लेबलवर देश ठळक. भारतीय कायद्यात ही तरतूद आहे आणि ती कागदावरच पडून नाही. पेरू आणि चिली यांच्यातल्या पिस्को या मद्याच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हाच मार्ग धरला आणि पेरूचे नाव ‘पेरुव्हियन पिस्को’ असे नोंदवण्यास सांगितले. दोन परक्या देशांसाठी भारतीय न्यायालयाला जे सुचले, ते टांगाइल साडीसाठी सुचायला हरकत नाही.

परिषदेपुढचे काम यातूनच ठरते. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सरकारांची सही लागणार नाही असा भाग त्यात बराच आहे. उत्पादक संघटनांना एकमेकांची गुणवत्तेची मानके लिहून देता येतात. डीएनए आणि धाग्याच्या चाचण्यांची पद्धत सारखी ठेवता येते, म्हणजे एका प्रयोगशाळेचा दाखला दुसरीकडे नाकारला जाणार नाही. अधिकृत वापरकर्त्यांच्या याद्या खुल्या ठेवल्या तर परदेशातला घाऊक खरेदीदार पडताळणी करू शकतो. यातले शेवटचे काम कोल्हापूरलाही अजून पुरते करायचे आहे, कारण मानांकन मिळाले तरी प्रत्यक्ष चपला शिवणारा कारागीर यादीत आला नाही तर भावातला वाढीव हिस्सा दलालापाशीच थांबतो. सरकारांच्या पातळीवर सर्वांत नजीकची संधी युरोपीय संघाशी २०२२ मध्ये सुरू झालेल्या मानांकन कराराच्या वाटाघाटींची आहे. अशा करारात दोन्ही बाजू नावांच्या याद्या मांडतात. भारताच्या यादीत सामाईक नावे घालताना प्रत्येक नावापुढे क्षेत्र नेमके लिहावे आणि शेजारी देशातल्या अस्सल उत्पादकांचा हक्क अबाधित असल्याची नोंद करावी, हा मसुदा या परिषदेत चर्चेला ठेवला आहे.