पोरगा पलटणीचा पंडितजी झाला



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून मंडळींनी आम्हाला बोलायला उभं केलं. आम्ही चौथी शिकलेलो. शेती आणि कीर्तन, एवढंच येतं. एखादा अभंग घ्यावा असं मनात होतं. पण विणेकरी बाबा म्हणाले, "महाराज, पोराचं सांगा. तो फौजेत गेला तेव्हा तुम्ही बोलणं टाकलं होतं, ते सांगा." म्हणजे आमची फजितीच सांगायची. बरं, सांगतो.

फौजेत पलटणीला जसा डॉक्टर लागतो तसा धर्माचा माणूसही लागतो. सरकार त्याला धर्मशिक्षक म्हणतं, जवान पंडितजी म्हणतात. शिखांना ग्रंथी, मुसलमानांना मौलवी, ख्रिस्ती जवानांना पाद्री, बौद्धांना भिक्खू. भरती होतानाच हुद्दा नायब सुभेदाराचा. त्याला पदवी लागते, आणि पंडिताला वर संस्कृताचं, कर्मकांडाचं शिक्षण.

आमचं बिनसलं ते इथंच. आमच्या घरात चार पिढ्या तुळशीची माळ. होमहवन कधी केलं नाही. पोरगं लहानपणापासून टाळ घेऊन आमच्या मागं उभं राहिलेलं, साऱ्या चाली पाठ. आमच्या माघारी दिंडीची वीणा त्याच्या गळ्यात पडावी, असं आम्ही धरून चाललेलो. ते म्हणालं, "अण्णा, फौजेत जातो." आम्ही म्हणालो, "बंदुकीला गंध लावायला तुला कीर्तन शिकवलं नव्हतं." ते बोलणं अजून आमच्या घशात अडकतं. त्या दिवसापासून अबोला.

भरतीला पळावं लागतं. १६०० मीटर, ८ मिनिटांत. आम्हाला वाटायचं, वारीत चालणाऱ्याला त्याचं काय! पण चालणं निराळं आणि पळणं निराळं. त्यानं मोटारसायकलच्या काट्यावर वस्तीपासून डांबरीपर्यंत अंतर मोजलं आणि रोज पहाटे पळायला लागला. आम्ही तुरीत उभं राहून बघायचो. बोलत नव्हतो, पण बघत होतो.

निवड झाली. शिकायला पुण्याला, इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये. तिथं साऱ्या धर्मांचे हे लोक एकत्रच शिकतात. पहाटे परेड. पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री एका रांगेत, डावा-उजवा. सावधान म्हटलं की श्वाससुद्धा ऐकू येऊ नये. त्याच्या आईनं हे सांगितलं तेव्हा आम्हाला चोपदाराची काठी आठवली. ती वर गेली की लाखाचा समाज गप्प होतो. शेजारच्या खाटेवर मौलवी होते. त्यांच्या नमाजाला याची झोप मोडायची, संध्याकाळी याचा हरिपाठ ते ऐकायचे. त्याचं त्याला काही वाटलं नाही. आमच्या अक्कलकोटाकडं बरीच मंडळी घरात कानडी बोलतात आणि दिंडीत मराठी अभंग म्हणतात, त्यात वाढलेलं पोरगं ते. पलटणीतही सर्वधर्मस्थळ असतं. एका छपराखाली ज्याचा त्याचा देव.

अवघड गेलं ते दवाखान्यात. नुसती पूजा सांगून या लोकांचं भागत नाही. आजारी जवानापाशी बसायचं, अंत्यविधीला उभं राहायचं, शिक्षा भोगणाऱ्याला भेटायचं, जवानांच्या मुलांना शिकवायचं, हे सगळं त्यांच्या कामात येतं. पहिल्यांदा त्याला एका जवानापाशी नेलं. पाय गेलेला, वय बावीस-तेवीस. यानं कीर्तनाला उभं राहावं तशी सुरुवात केली. प्रमाण, दृष्टांत, सगळं. जवानानं भिंतीकडं तोंड केलं. बाहेर आल्यावर उस्ताद म्हणाले, "पंडितजी, रात को नींद आती है क्या, इतना भी नहीं पूछा?"

त्या रात्री फोन त्याच्या आईला आला होता. ती म्हणाली, "तुम्हीच घ्या." आम्ही घेतला. पोरगं म्हणालं, "अण्णा, तुमच्यासारखंच बोललो. ऐकलं नाही त्यानं." दुसऱ्या दिवशी ते नुसतं बसलं, गाव विचारलं, पेरणी झाली का विचारलं. मग जवान म्हणाला, घरी एक पत्र लिहून द्या, पायाचं आईला कसं सांगू ते सुचत नाही.

फोन ठेवला आणि आम्हाला झोप लागली नाही. आमच्या शेजारच्या गावात एका बाईचा एकुलता लेक गेला होता. तेराव्याला कीर्तन आमचं. ती समोरच बसलेली, मांडीवर लेकाचा शर्ट. आम्ही दोन तास देह नाशवंत आहे हे सांगितलं. लोक म्हणाले, महाराज, कीर्तन रंगलं. आम्ही नारळ घेतला, पाकीट घेतलं, निघालो. तिला एक शब्द विचारला नाही. त्याला सहा वर्षं झाली होती.

सकाळी सायकल काढली. ती ओट्यावर तूर पाखडत होती. आम्हाला बघून पदर सावरला, म्हणाली, "महाराज, आज इकडं कुठं?" आम्ही म्हणालो, "बाई, तुझ्या लेकाचं सांग काहीतरी." ती आधी गप्प राहिली. मग सूप खाली ठेवलं आणि बोलायला लागली, ती दुपार टळेपर्यंत. लहानपणी तो विहिरीत पडला होता, त्याला शेवयाची खीर आवडायची, शर्टाचं वरचं बटण कधी लावायचा नाही. आम्ही ओट्यावर बसून ऐकलं. तिच्या म्हशीला पाणी दाखवायचं राहिलं होतं, जाताना ते आम्ही दाखवलं.

रामकृष्ण हरी.