परक्या प्रोग्रामवरील पहारा

अनोळखी वाटसरूला आपण ओसरीवर टेकू देतो. माजघरात नेत नाही. संगणकावर परक्याने लिहिलेला प्रोग्रामही असाच चालवावा लागतो. साधी फाइल उघडायची झाली, तरी प्रोग्रामला लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, मागणी करावी लागते. तेव्हा पहारा बसवायचा तो तिथेच.

२००५ साली लिनक्समध्ये 'सेककॉम्प' आले. मुभा अवघ्या चार मागण्यांना! इतक्या कडक सोवळ्यात कामाचा प्रोग्राम कसा चालावा? २०१२ पासून मागणीगणिक नियम ठरवता येऊ लागले, आणि ते लिहिणे सोपे व्हावे म्हणून 'लिबसेककॉम्प' ही लायब्ररी निघाली. लायब्ररी म्हणजे इथे वाचनालय नव्हे बरे का. इतरांनी वापरावा असा तयार कोड.

खरी मेहनत त्यापुढची. कर्नलमध्ये नव्या मागण्यांची भर पडतच राहते. २०२१ साली 'जीलिबसी' ही लिनक्सची पायाभूत लायब्ररी 'क्लोन३' ही नवी मागणी करू लागली. प्रोग्राम कप्पाबंद चालवणाऱ्या 'डॉकर'चा पहारेकरी म्हणाला, 'परवानगी नाही.' झाले! भलेसलेले प्रोग्रामही अडले. 'अशी मागणी मला ठाऊकच नाही' असे उत्तर मिळते, तर जीलिबसी मुकाट्याने जुन्या वाटेने गेली असती. पुढे डॉकरने तेवढे उत्तर बदलले, आणि प्रोग्राम चालू लागले.